नववं आवर्तन

माझ्या मेहुण्याला नऊपर्यंत मोजता येत नाही, हा विनोद मी एकतीस वर्षं सांगत आलो. म्हणून बिचारा ड्रम सोडून गाडी शिकवायला लागला, कारण गाडीला गिअर पाचच असतात, हा त्याचा पुढचा भाग. इथे लोक हमखास हसतात. मेहुणा समोर असला तर सगळ्यात आधी तोच हसायचा. आमच्याकडे जेवायला आला की मी तोंड उघडायच्या आत तोच सांगून मोकळा व्हायचा, म्हणजे मला तेवढेही कष्ट नकोत.

विनोद कळायला थोडी माहिती लागते. मी बेस वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं आणि थांबली की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. वाजवला तो प्रोग्रेसिव्ह रॉक. हा प्रकार असा, की गाणं सुरू झाल्यावर तुम्ही उठून आंघोळ केलीत, केस वाळवलेत आणि परत येऊन बसलात तरी ते चालूच असतं. शिवाय त्याचा ठेका सरळ चारचा नसतो. कधी सातचा, कधी अकराचा, मध्येच एखादा पाचचा. त्यामुळे वाजवणाऱ्यांपैकी एकाला तरी सतत मोजत राहावं लागतं. आमच्यात ते काम माझं. गिटारवाला स्वतःच्या बोटांवर खूश, गायिका डोळे मिटून भलतीकडेच पोचलेली, आणि मी मागे उभा राहून ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटतोय. सगळे माझ्या मानेकडे बघायचे. मी मान हलवली की यायचं. बँडमध्ये माझं नाव मोजपट्टी पडलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मेहुणा ड्रमवर. त्याचं नाव टोल्या. सायकलींच्या दुकानाखाली एक तळघर होतं, तिथे आम्ही दोघं एकत्र वाजवायला शिकलो. त्याची धाकटी बहीण त्याला घरी बोलवायला यायची आणि आम्ही किती वाईट वाजवतो ते तोंडावर सांगून जायची. तिच्याशीच मी पुढे लग्न केलं. बेसवाला आणि ड्रमवाला यांचा एक वेगळाच संसार असतो. बाकीचे गाणं ऐकतात, हे दोघं एकमेकांना ऐकत असतात. टोल्याचा उजवा पाय मोठ्या ड्रमवर पडायच्या आधी क्षणभर तो श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासावर मी तार ओढायचो. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

आमच्या बँडचा प्रमुख होता कीबोर्डवाला. त्याला आम्ही प्रोफेसर म्हणायचो, कारण तो "पुन्हा एकदा घेऊ" हेसुद्धा दहा मिनिटं समजावून सांगायचा. त्यानं तेवीस मिनिटांची एक रचना केली आणि ती रेकॉर्ड करायला आम्हाला दोन दिवस स्टुडिओ मिळाला. सतराव्या मिनिटाला सगळे थांबतात. प्रोफेसर एकटा सात मात्रांची एक सुरावट वाजवतो, तीच पुन्हा पुन्हा, नऊ वेळा. नऊ आवर्तनं झाली की दहाव्याच्या पहिल्या मात्रेवर बेस, ड्रम आणि गायिकेचा आवाज, तिघं एकदम. तळघरात आम्ही ते इतक्या वेळा केलं होतं, की दुकानातला सायकलवालासुद्धा बरोबर दहाव्याला हातोडी मारायचा.

स्टुडिओत मात्र आम्ही एक आवर्तन आधी आलो. मी आणि टोल्या दोघंही. गायिका काचेच्या पलीकडे तोंड उघडं टाकून उभी, तिची पहिली ओळ गेली ती गेलीच. प्रोफेसर कसाबसा आमच्याबरोबर वळला, आणि पुढची चार मिनिटं आम्ही असं काही वाजवलं, की तसं ना त्याआधी कधी वाजवलं, ना नंतर. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तोच टेक राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या साउंड इंजिनियरनं सगळी वाद्यं एकत्र जोडून कच्चं मिक्स ऐकवलं. सतराव्या मिनिटाला स्पीकरमधून आधी ड्रमचा टोला आला आणि त्याच्या अंगाला लागून माझा बेस. प्रोफेसरनं विचारलं, "आधी कोण आलं?" मी म्हणालो, "मी ड्रमच्या मागे आलो." हे मी मनापासून बोललो. सगळ्यांनी टोल्याकडे बघितलं. तो बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिला, मग मान डोलावून म्हणाला, "असेल. माझंच चुकलं."

गंमत अशी, की रेकॉर्ड निघाली आणि लोकांना नेमकी तीच जागा आवडली. ऐकता ऐकता पायाखालची पायरी निघून जावी तसं तिथे होतं, म्हणे. आम्ही ते मुद्दाम केलं असं समजून लोकांनी कौतुकाचे रकाने भरले. प्रोफेसरला कौतुक चालत होतं, चूक चालत नव्हती. तीन महिन्यांनी दौरा ठरला तेव्हा त्यानं दुसरा ड्रमर आणला. तोवर टोल्याचंही काहीतरी बिघडलं होतं. सरावात प्रत्येक जागी तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मगच काठी उचलायचा. जो माणूस झोपेत सात मोजायचा, तो आता साध्या चारलाही अडखळायला लागला. प्रोफेसरनं त्याला सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. मी बेसच्या तारा पुसत होतो आणि पुसतच राहिलो.

टोल्यानं पुन्हा कुठेच वाजवलं नाही. मोठा ड्रम माझ्या सासूबाईंच्या खोलीत आडवा पडला, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे. त्यानं ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि ते चांगलं चाललं. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. लोक म्हणतात, हा मास्तर कधी ओरडत नाही, फक्त पाय हलवतो.

आणि मी? दोन वर्षांनी प्रोफेसरचा बँड फुटला आणि माझी वरात सुरू झाली. पुढे अकरा बँड. पहिल्यात दोन सख्खे भाऊ गिटारवर होते. ते एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलायचे, एकाच खोलीत बसून. तिसऱ्यानं मुंग्यांच्या साम्राज्यावर पाऊण तासाची रचना केली. ती मुंग्यांनाही लांब वाटली असती. एक बँड समुद्राचा आवाज रेकॉर्डच्या सुरुवातीला घ्यायचा की शेवटी यावरून मोडला. एका बँडमध्ये मी चार वर्षं होतो आणि आजही मला त्यांचं एकही गाणं आठवत नाही, फक्त आकडे आठवतात: तेरा, तेरा, पाच, तेरा. कुठेही मी संस्थापक नव्हतो. कुणीतरी बेसवाला भांडून निघून गेलेला असायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, "मोजपट्टीला फोन करा. तो चुकत नाही." मी जायचो, आठवडाभरात दीड तासाचं संगीत पाठ करायचो, उभा राहायचो. सगळे माझ्या मानेकडे बघायचे.

ड्रमर मात्र माझ्याशी टिकायचे नाहीत. मी त्यांना छळायचो. कुणी केसभर इकडेतिकडे झाला की मी सरावात थांबून सगळ्यांदेखत त्याला मोजायला लावायचो. एक गुणी पोरगी होती, ड्रमवर अशी, की तिच्या डाव्या हाताची मी मनातल्या मनात दृष्ट काढावी. तिलाही मी रडवलं. मग कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये माइक ओढायचा आणि मेहुण्याचा विनोद सांगायचा. मागे बसलेला ड्रमरही हसायचा. पुढचा नंबर आपला, हे त्याला माहीत असायचं.

गेल्या महिन्यात त्या स्टुडिओतून फोन आला. जुना साउंड इंजिनियर कधीच गेला. आता त्याची मुलगी तिथे बसते. ती त्या रेकॉर्डची नवी आवृत्ती करत होती. जुन्या टेपवर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असतं, ते सगळे सुटे करून, धूळ झटकून पुन्हा एकत्र बांधायचे. "काका, एकदा येऊन जा," ती म्हणाली. "सतराव्या मिनिटाचं तुम्हाला विचारायचंय." नव्या आवृत्तीच्या समारंभाला मी बोलणार हे ठरलेलं होतं. काय बोलणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सकाळीच गेलो. खोली तीच, भिंतींवरचं कापड तेवढं नवीन. तिनं मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आधी नुसते ड्रम लावते. माइकचा आवाज अगदी वर घेतलाय, घाबरू नका."

आधी काहीच नाही, नुसती खरखर. मग टोल्याचा आवाज. तिशीही न गाठलेला, भरलेला, माझ्या कानाशी. तो मोजत होता. आम्ही लोक आवर्तनाचा आकडा पहिल्या मात्रेला म्हणतो, म्हणजे विसरायला होत नाही. "सात, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आठ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. नऊ..." आणि इथे तो दचकला. "अरे!" म्हणाला आणि त्याच क्षणी टोला मारला.

मी म्हणालो, "बघ, आलाच ना आधी."

 तिनं तीच जागा पुन्हा लावली आणि आता माझा ट्रॅक उघडला. टोल्या "नऊ" म्हणाला आणि त्या "नऊ"वरच माझा स्वर वाजला. जाड, ठाम, अजिबात शंका नसलेला. त्यानंतर "अरे!" आणि त्यानंतर टोला.

"पण रेकॉर्डवर तर..." मी म्हणालो.

तिनं टेपच्या खोक्यातला कागद पुढे केला. त्यावर कुठल्या ट्रॅकवर काय आहे ते तिच्या वडिलांनी लिहिलेलं होतं, आणि सतराव्या मिनिटापाशी पेन्सिलीनं एक टीप: 'बेस – पहिला स्वर एकटाच लोंबकळतो. बंद केला.' त्यांना तो स्वर चुकून लागलेला वाटला होता. नीटनेटका माणूस, त्यांनी तेवढाच झाकला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्यांना आधी ड्रम ऐकू आला. मलाही. आणि मी म्हणालो, मी ड्रमच्या मागे आलो.

आता खरं सांगायचं तर मला तो क्षण चांगला आठवतो. टोला ऐकल्याचं आठवतं, त्यावर हात गेल्याचं आठवतं. शपथेवर सांगितलं असतं. पण ती खुर्ची सोडून उठेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. मला रेकॉर्ड आठवते. तो टेक मी एकदा वाजवला आणि ती रेकॉर्ड हजारदा ऐकली. हजार वेळांनी एका वेळेला कधीच पुसून टाकलं होतं.

"काका, तुम्ही म्हणाल तसं करते," ती म्हणाली. "बाबांनी केलं तसंच ठेवते, स्वर बंद. टोल्याकाकांचं मोजणंही काढून टाकते, ते तर सहज निघतं. कुणाला काही कळायचं नाही. नाहीतर मग..." पुढचं तिनं सांगितलं नाही, चांगल्या घरची मुलगी. मी म्हणालो, दोन दिवसांत सांगतो.

दोनाचे चार झाले. त्या चार दिवसांत मी स्वतःला काय काय पटवलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. एक, टोल्या सुखात आहे, जुनं उकरून त्याला कशाला त्रास. दोन, चूक तर दोघांचीही झाली. त्यानं माझ्यामागे का यावं? तीन, माझ्याजवळ दुसरं आहे काय? आवाज नाही, रूप नाही, एक गाणं रचलं नाही. अकरा बँडनी मला बोलावलं ते एकाच गोष्टीसाठी. मोजपट्टीच खोटी निघाली तर मग मी कोण? हा तिसरा मुद्दा खरा होता. बाकीचे दोन त्याला टेकू.

चौथ्या दिवशी सकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "समारंभात बोलायचं लिहिलंस का? नाहीतर तेच आपलं, दादा आणि पाच गिअर."

"तो विनोद नाही सांगणार," मी म्हणालो.

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. एकतीस वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. "काय झालं?" तिनं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. पेन्सिलीच्या टिपेसकट.

 मग तिनं घातलेल्या घड्या एकेक करून मोडायला सुरुवात केली. हात काय करतायत याचं तिला भान नव्हतं. "त्यानं ड्रम सोडले त्या वर्षी आई त्याला विचारायची, अरे काय झालं? तो म्हणायचा, मला मोजता येत नाही गं, मला वाटत होतं येतं म्हणून. रोज हेच. लहान पोरासारखं." तिनं आणखी एक घडी मोडली. "आणि तू त्याला माझ्या घरात, माझ्याच ताटावर बसवून हसत राहिलास. आणि मीही हसले. माझा सख्खा भाऊ."

"मला माहीत नव्हतं गं."

"आता माहीत आहे ना? चार दिवस झाले. चार दिवस काय करत होतास?"

मी मोडलेली एक घडी पुन्हा घालायला लागलो.

"तू सांगतोस की मी सांगू?" ती म्हणाली.

मी टोल्याला फोन केला. तो म्हणाला, सकाळी साडेनऊचा शिकाऊ आजारी पडलाय, तासभर मोकळा आहे, घ्यायला येतो. आला तो शिकवायच्या गाडीतूनच, टपावर पाटी असलेली. मी गाडी चालवत नाही, कधी शिकलो नाही. त्यावरही त्याचे दोन-तीन ठेवणीतले टोमणे आहेत. "या जावईबुवा," तो म्हणाला. "अखेर शुद्धीवर आलात वाटतं. पट्टा लावा."

"स्टुडिओत जायचंय," मी म्हणालो.

"का? भाषणाची तालीम?"

गाडी चालू असताना सांगावं असं मी ठरवलं होतं, म्हणजे त्याचं लक्ष रस्त्यावर राहील आणि माझ्याकडे बघणार नाही. भित्रेपणाच तो. दोन चौक गेले. तिसऱ्या चौकाच्या सिग्नलला मी म्हणालो, "टोल्या, त्या दिवशी तू चुकला नव्हतास. मी चुकलो. मी नवव्यालाच आलो. टेपवर आहे."

सिग्नल हिरवा झाला. तो निघाला नाही. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्यानं गाडी अगदी सावकाश बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, आरशात बघून, जसं शिकवतो तसं, आणि बंद केली.

"कुणाच्या ट्रॅकवर?" त्यानं विचारलं.

"तुझ्या. तू मोजत होतास ते ऐकू येतं. आठ पूर्ण मोजलेस, नऊ म्हणालास आणि मी आलो. मग तू 'अरे' म्हणून माझ्यामागे आलास. माझा पहिला स्वर त्यांनी मिक्समध्ये बंद केला होता."

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. मला वाटलं होतं, आता तरी चिडेल. किंवा मग म्हणेल, मला सगळं माहीत होतं, तुला सांभाळून घेतलं. मी मनाची तयारी केली होती ती या दोन्हींसाठी.

तो म्हणाला, "मला वाटत होतं आठच झालेत. पक्कं वाटत होतं. मग तू आलास. म्हटलं, मोजपट्टी आला म्हणजे झालेच असणार नऊ. माझंच कुठेतरी एक गळलं." मग म्हणाला, "दुसऱ्या दिवशी ऐकलं तर आधी मीच. म्हटलं, म्हणजे तू आलास हेही मला नुसतं वाटलं की काय? मोजताही येत नाही आणि ऐकूही नीट येत नाही. अशा माणसानं काय वाजवायचं?"

"तू बोलला का नाहीस तेव्हा?"

"काय बोलणार? तू म्हणालास, तू माझ्या मागे आलास. तू चुकत नाहीस हे मला माहीत होतं की."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. मला माझी लाज वाटली, इतकी की दार उघडून चालू लागावंसं वाटलं, पण पट्टा कसा सुटतो तेही मला चटकन सापडेना. मी म्हणालो, "मला माफ कर." 

"आज नको मागूस," तो म्हणाला. "आज माझ्याकडे ते नाहीये. खोटं कशाला देऊ?" आणि त्यानं गाडी चालू केली.

स्टुडिओत इंजिनियर मुलीनं त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. मी त्याच्या बाजूला उभा राहिलो. तिनं नुसते ड्रम लावले. खरखर आली आणि मग तो आवाज. "सात, दोन, तीन..." टोल्याचे ओठ हलायला लागले. आठव्याला त्याच्या तोंडून शब्दही यायला लागले, आत्ताचा घोगरा आवाज आणि तेव्हाचा भरलेला आवाज, बरोबर एकावर एक. "नऊ," दोघं म्हणाले. टेपमधला "अरे!" म्हणून गेला. खुर्चीतला मात्र मोजतच राहिला, मागे टेपमधले ड्रम धडधडत असताना, "दोन, तीन, चार, पाच, सहा, सात," आणि दहाव्याच्या पहिल्या मात्रेला त्यानं मांडीवर हात मारला. जिथे यायला हवं होतं तिथे.

"बरोबर मोजत होतो की मी," तो म्हणाला. आम्हाला नव्हे.

मुलीनं टेप थांबवायला हात नेला. तो म्हणाला, "राहू दे. पुढचं लाव." ती पुढची चार मिनिटं होती. रेकॉर्डवर तिथे इतकं काही आहे, की ड्रमकडे माझं तरी कधी लक्ष गेलं नव्हतं, किंवा मी जाऊ दिलं नव्हतं. आता ते एकटे होते. डावा हात झांजेच्या काठावरून असा निसटता जात होता, की जणू वेळच त्याच्या मालकीचा. पुढे मला अकरा बँडमध्ये सतरा ड्रमर मिळाले. एकालाही हे येत नव्हतं आणि मी त्या प्रत्येकाला हेच येत नाही म्हणून छळलं होतं. हे मला तिथे उभं असताना कळलं.

टोल्या डोळे उघडे ठेवून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "ह्या पोरानं सोडायला नको होतं."

"नको होतं," मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला नाही. मी त्या मुलीला म्हणालो, "माझा पहिला स्वर उघडा ठेव. ह्याचं मोजणंही ठेव, 'अरे' सकट. आणि समारंभात मी हेच सांगणार आहे." तिनं टोल्याकडे बघितलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. मग तिला म्हणाला, "मला हे पहिल्यापासून ऐकव. तेवीसच्या तेवीस मिनिटं." तिनं मान हलवली आणि टेप मागे न्यायला घेतली. मी बाजूची खुर्ची ओढायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, "तू बाहेर थांब."

आवाज चढवला नाही त्यानं. शिकाऊ माणसाला, आता गाडी बंद करा, असं सांगावं तसं म्हणाला. मी बाहेर आलो, दार लावून घेतलं आणि समोरच्या बाकावर बसलो. त्याचा साडेदहाचा शिकाऊ कुठेतरी कोपऱ्यावर वाट बघत असणार, पण फोन त्यानं गाडीतच ठेवला होता.

आत सुरू झालं. माझं आयुष्य अशाच बंद दारांच्या आतबाहेर गेलंय, त्यामुळे एक गोष्ट मला नक्की ठाऊक आहे. दार कितीही जाड असो, भिंतीला कितीही कापड लावा, बाहेर येतो तो बेसच. गाणं कळत नाही, शब्द कळत नाहीत, पण बेस पाठीला कळतो. मी बाकाला पाठ टेकवून वाट बघत राहिलो. ड्रम येत होते, बारीक, लांबून आल्यासारखे. कीबोर्ड आला, गायिकेचा आवाज आला. पाठीला मात्र काहीच कळत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की माझा ट्रॅक त्यानं बंद करायला लावलाय.

उठून जाता आलं असतं. मी तेवीस मिनिटं तिथे बसून राहिलो.